आमचा हंडा शेवटी

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर काड्यापेटीएवढी एक पांढरी डबी आहे. तिला तीन दिवे आहेत, हिरवा, पिवळा आणि लाल. आता तिन्ही विझलेले आहेत, मीच विझवले. ती काढून टाकावी असं रोज वाटतं, पण खिळे उपटले की भिंतीला भोकं पडतील आणि बाबा दिवसभर त्या भोकांकडे बघत बसतील. म्हणून ती तशीच राहिली आहे.

डबी माझी. कल्पना माझी, जोडणी माझी, गावभर मिरवलीही मीच. बाबांची वाचा परत आली असती का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण ती परत यायची जी काही संधी होती, ती या डबीने घालवली. खरं तर मीच घालवली. डबीला काय कळतंय?

ठाण्यातली नोकरी सोडून मी आमच्या गावात, अंजूरला, इंटरनेट द्यायला लागलो त्याला बरीच वर्षं झाली. खांबाखांबावरून फायबर ओढली. गावातली घरं, भिवंडीच्या बाजूच्या लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कामगारांच्या चाळी आणि रस्त्याकडेची गोडाउनं, सगळीकडे माझीच लाईन. आमच्या स्वतःच्या शेतावरही आज गोडाउनच उभं आहे. विकायला बाबा तयार नव्हते, मी मागे लागून विकायला लावलं. त्या शेतात आमची विहीर होती. ती बुजवून वर काँक्रीट ओतलं, आणि जिथे तिचा काठ होता तिथे आता ट्रक मागे घेतात.

माझी अडचण साधी होती. मोठ्या कंपनीकडून माझ्याकडे येणारी मुख्य लाईन एकच, ठरलेल्या जाडीची. तिच्यातून जेवढं येणार तेवढंच सगळ्यांत वाटायचं. दिवसातून दोन वेळा ती तुंबायची, एकदा सकाळी गोडाउनांचं काम ऐन भरात आल्यावर आणि एकदा संध्याकाळी घरोघरी टीव्ही लागल्यावर. मग माझा फोन सुरू. जो तो विचारणार, 'पैसे घेता ना, मग नेट का अडकतंय?' जाडी वाढवायची तर कंपनी मागेल ती रक्कम माझ्याजवळ नव्हती.

नोकरीत असताना मी एक गोष्ट शिकलो होतो. वस्तू कमी आणि मागणारे जास्त झाले की दोनच वाटा असतात, एक तर रांग लावा, नाही तर भाव लावा. आणि भावही एकच ठेवायचा नाही, गर्दीप्रमाणे हलता ठेवायचा. लाईन रिकामी असेल तेव्हा जवळजवळ फुकट, भरत आली की थोडा चढा, तुंबली की चांगलाच महाग. ज्याचं काम थांबू शकतं तो आपणहून थांबेल, ज्याचं थांबू शकत नाही तो जास्त देईल, आणि 'तू आता वापरू नकोस' असं मला कोणाच्या तोंडावर सांगावं लागणार नाही. वाईटपणा भावावर ढकलून आपण गोड राहायचं, ही सोय मला फार आवडली होती. दर पाच मिनिटांनी गर्दी मोजून भाव बदलणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला आणि पोराच्या बारशाला बोलवावं तशा उत्साहात चार माणसांना बोलावून दाखवला.

भाव मोबाईलवर दिसायचा. पण गावातल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, चाळीतल्या माणसांना वाचायला वेळ नाही. म्हणून ही डबी. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही भाव कळला पाहिजे, हा माझा हट्ट होता. पहिली डबी मी आमच्याच हॉलमध्ये लावली.

बाबांनी तेव्हा ती नीट न्याहाळली. त्यांची वाचा तेव्हा शाबूत होती, आणि चांगली तिखट होती.

"लाल झाला म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे खूप लोक एकदम वापरतायत. महाग झालंय. गरज नसेल तर थांबायचं."

"म्हंजे पानी खाली गेलंय."

"हो, तसंच समज."

"आपल्या विहिरीला लावला व्हता का कवा भाव?"

मी हसलो. "बाबा, विहिरीवर भांडणं व्हायची ना? मी लहान असताना बघितलीयत मी. भाव असता तर झाली नसती."

"भांडनं व्हायची. पन रिकामा हंडा घेऊन कोन गेला न्हाय." मग डबीकडे बोट करून म्हणाले, "वैशाखात पानी तळाला गेलं की ज्याची विहीर त्याचा हंडा शेवटी. तुजी आयेस संध्याकाळपत्तूर थांबायची. हाय का तुज्या दिव्यात असं काय?"

तसं काही माझ्या दिव्यात नव्हतं. उलट घरचं कनेक्शन मी भावातून वगळलं होतं. मालकाच्या घरी कसला भाव? दिवा लाल होवो नाही तर हिरवा, आम्हाला सगळं फुकट. डब्या मात्र सगळ्या एकसारख्या केल्या होत्या, म्हणून आमचीही रंग दाखवत राहिली. ती बंद करायला एक मिनिट लागलं असतं.

योजना चालू झाली आणि पहिल्याच महिन्यात तिने रंग दाखवले. लूमला सुट्टी शुक्रवारी. आठवडाभर शिफ्ट करून चाळीतले लोक शुक्रवारी दुपारी गावाकडे व्हिडिओ कॉल लावणार, बायकापोरांचं तोंड बघणार. सगळे एकदम लावणार म्हणजे गर्दी, आणि गर्दी म्हणजे लाल. प्रोग्रॅमने इमानेइतबारे शुक्रवार महाग केला. उत्तर प्रदेशातला एक वयस्कर कारागीर माझ्या ऑफिसात आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "भैया, हफ्ते में एक ही दिन तो मिलता है, उसी दिन महँगा?" मी त्याला समजावलं की मंगळवारी दुपारी जवळजवळ फुकट असतं. तो म्हणाला, "मंगल को तो हम लूम पे होते हैं." आणि निघून गेला. मला वाईट वाटलं, पण लाईन हलकी झाली होती, तक्रारी कमी झाल्या होत्या. वाईट वाटणं पुढे ढकललं.

गोडाउनाच्या मॅनेजरला मात्र लाल दिव्याचं काहीच नव्हतं. आमच्या शेतावरचं ते गोडाउन सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण आणि मालाच्या याद्या वर पाठवायचं. अर्धी लाईन ते एकटं खायचं. मी त्याला म्हटलं, "साहेब, हे तासभर उशिरा पाठवलंत तर तुम्हालाच स्वस्त पडेल." तो म्हणाला, "बिल वरच्या ऑफिसला जातं हो. मला काय करायचंय?" म्हणजे ज्याने थांबावं म्हणून दिवा लावला त्याने तो कधी बघितलाच नाही, आणि ज्यांनी थांबण्याची काही गरज नव्हती ते थांबत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी मी प्रोग्रॅमला हात लावला नाही, कारण तो चालत होता, आणि चालणाऱ्या गोष्टीला आमच्या धंद्यात कोणी हात लावत नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. सकाळी चहा घेता घेता कप उजव्या हातातून सुटला. ठाण्याच्या वाटेवर कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अॅम्ब्युलन्स किती वेळ अडकली ते मी मोजलं नाही. जीव वाचला. पाय दीड-दोन महिन्यांत हळूहळू चालता झाला. उजवा हात आणि वाचा मात्र गेली. सगळं समजायचं, ओळखायचं, रागही यायचा, पण शब्द ओठापर्यंत येऊन परत फिरायचा. एकच शब्द राहिला होता, 'न्हाय'.

हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले पाच-सहा महिने सोन्याचे असतात. मेंदू नवी वाट शोधत असतो. रोज सराव झाला तर बरंच परत येतं. नंतर फार कठीण होतं." रोज ठाण्याला नेणं शक्य नव्हतं, त्या ट्रॅफिकने धडधाकट माणूस मेटाकुटीला येतो. म्हणून ठरलं, रोज सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर. त्यांच्याकडे तेवढीच वेळ रिकामी होती. मी मनात म्हटलं, अंजूरमध्ये बसून ठाण्याचा उपचार, आणि तोही आपल्याच लाईनवर. केलेल्या कामाचं चीज झालं.

पहिले दिवस छान गेले. मॅडम टॅबवर चित्रं दाखवायच्या, सफरचंद, जहाज, छत्री. बाबांचा चेहरा कोराच. मग माझ्या बायकोने मॅडमना सुचवलं की यांना खाडीतले मासे दाखवा, यांचा जन्म खाडीत गेलाय. मॅडमनी कुठून तरी फोटो शोधले. बोय, जिताडा, खरबी. बाबा पुढे सरकून बसले. तिसऱ्या आठवड्यात चिखलावर बसलेला एक बटबटीत डोळ्यांचा मासा दिसला आणि बाबा स्पष्ट म्हणाले, "निवटी." बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मी ऑफिसमधून घरी आलो, आणि बाबांनी मला तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. त्या दिवशी आमच्या घरात सण असल्यासारखं झालं होतं.

आणि मग ते बिनसलं. एक दिवस छान बसायचे, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता टॅब लागला की थोड्याच वेळात 'न्हाय, न्हाय' करत उठायचे, काठी टेकत भिंतीपाशी जायचे आणि डाव्या हाताने वायफायची पिन उपटायचे. कॉल बंद. बायकोने पिन परत लावली की पुन्हा उपटायचे. शेवटी तिने नाद सोडला. मॅडम पाच मिनिटं वाट बघायच्या आणि पुढचा पेशंट घ्यायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुमच्या गावात नेट फारच खराब आहे वाटतं." हे मला, नेट विकणाऱ्याला! मी संध्याकाळी घरी येऊन लाईन तपासली, ती ठणठणीत होती. मग मी बाबांवर घसरलो.

"काय चाललंय तुझं? त्या बाई तिकडे वाट बघत बसतात. बरं व्हायचंय की नाही?"

"न्हाय," बाबा म्हणाले. मान हलवत होते, डावा हात वर करून काहीतरी दाखवत होते. मला ते बघायची इच्छा नव्हती.

"बोलायचंच नसेल तर सांग ना तसं!" मी ओरडलो.

ज्याला बोलता येत नाही त्याला मी हे म्हटलं. 

बाबांना लहर लागलीय, म्हातारपणाचा हट्ट आहे, असं मी ठरवून टाकलं. सगळे तसंच म्हणाले. झटक्यानंतर माणूस बदलतो, चिडका होतो. दीड-दोन महिने हे असंच ओढत नेलं, आणि मग एक दिवस मी स्वतः मॅडमना कळवलं की आमची वेळ दुसऱ्या कोणाला तरी द्या, वडिलांची इच्छा दिसत नाही. त्यांनी एकदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की."

त्यानंतर महिन्याभराने, एके सकाळी, मी घरीच काहीतरी तपासत बसलो होतो. लॅपटॉपवर मोठी फाईल उतरत होती. शेजारची काकी, बाबांच्या धाकट्या भावाची बायको, कोलंबीचं कालवण घेऊन आली होती आणि बायकोशी गप्पा मारत होती. डबीवर लाल लागला. बाबा खुर्चीतून उठले, काठी टेकत आले आणि पिन उपटली. मी परत लावली. त्यांनी परत उपटली. मी आवाज चढवणार, तेवढ्यात त्यांनी डावा हात उचलला. तळवा बाहेर, काकीच्या घराच्या दिशेने. मग रस्त्याच्या दिशेने. मग हात छातीवर ठेवला आणि खाली सोडला. हे मी आधीही बघितलं होतं, अनेकदा, आणि मला तो राग वाटला होता.

काकी दारातूनच म्हणाली, "अगं बाय! यो त विहिरीवरचा हात!"

"कसला हात?"

"अरं, पानी खाली गेलं की तुजा बापूस काठावर उभा रावायचा ना. बाया थांबायच्या, मालकाच्या आधी भरायला लाजायच्या. मंग यो असा हात करायचा. भरा तुमी, आमचा मागनं." मग तिने आवाज खाली आणला. "माजी सून बोललेली त्याच्यासमोर. अकरा वाजले की माजे कामाचे फोन तुटतान म्हून. तवापास्नं यो पिन काढते का काय?"

काकीची सून घरून एका कंपनीसाठी गिऱ्हाइकांचे फोन घेते. तिची ड्युटी अकराला सुरू होते. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे.

बाबा काकीकडे बघून मान हलवत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी त्यांचं म्हणणं समजलं होतं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की माझ्याच्याने तिकडे बघवेना.

मी ऑफिसात जाऊन नोंदी काढल्या. आमचं वायफाय कधी बंद झालं ते एका बाजूला, दिवा कधी लाल होता ते दुसऱ्या बाजूला. पिवळा होता तेव्हा बाबा शेवटपर्यंत बसले होते. निवटी म्हणाले त्या दिवशी पिवळाच होता. बिनसल्यापासून पुढे मात्र लाल झाला की पाच-दहा मिनिटांत पिन निघालेली. एकही दिवस सुटलेला नाही. मी ज्याला लहर म्हणत होतो ती घड्याळासारखी नेमकी होती.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला एकट्यालाच माहीत आहे, कारण ती मोजायची अक्कल गावात मला एकट्यालाच आहे. बाबांच्या त्या व्हिडिओ कॉलने कोणाचंही काही अडत नव्हतं. अख्ख्या विहिरीतून एक तांब्या, तेवढाच तो. काकीच्या सुनेचे फोन तोडत होतं ते आमच्याच शेतावरचं गोडाउन. बाबा बोलायचे थांबले आणि त्यांनी सोडलेलं पाणी गोडाउनाने पिऊन टाकलं. त्याला कळलंसुद्धा नाही. मी लावलेल्या हलत्या भावाने थांबवलं कोणाला, तर ज्याला भाव लागूच नव्हता त्याला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तर चाललं असतं.

मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी माहीत असतं तर मी दुसरी वेळ काढली असती हो." मला आजवर कोणी दिलेल्या शिव्यांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. त्यांनी आता आठवड्यातून एक दिवस दिला आहे, पुन्हा अकराचीच वेळ, दुसरी आता रिकामी नाही. पण आधीच सांगून ठेवलं, "आता फार अपेक्षा ठेवू नका. सोन्याचे महिने गेले."

मी काय केलं ते लिहितो, म्हणजे माझा शहाणपणा अजून संपला नव्हता हे कळेल. मी आमची डबी कायमची हिरवी करून ठेवली. बाहेर काहीही होवो, बाबांना हिरवंच दिसणार. चार-दोन वेळा बाबा शांत बसले, मॅडमच्या तोंडाकडे बघत ओठ हलवत राहिले. मग एका सकाळी भिंतीपलीकडून काकीच्या सुनेचा आवाज आला, "हॅलो? हॅलो, सर, आवाज येतोय का? हॅलो?" बाबांनी भिंतीकडे बघितलं, मग हिरव्या दिव्याकडे, मग माझ्याकडे. ओरडले नाहीत, न्हायसुद्धा म्हणाले नाहीत. उठले आणि पिन काढली. पाणी तळाला गेलेलं असताना मुलाने विहीर भरलेली आहे म्हणून सांगितलं, एवढं त्यांना पुरेपूर समजलं होतं.

त्यानंतर मी गावातले सगळे दिवे बंद केले, हलता भाव काढून टाकला, गोडाउनाला वेगळी बारीक लाईन बांधून दिली. मॅनेजरने वर तक्रार केली, करू दे. लाईन आता सकाळी मोकळी असते. हे मी बाबांना दहा वेळा सांगितलं. "बाबा, आता भरपूर पाणी आहे. सगळ्यांचं भरून उरेल एवढं." ते ऐकून घेतात. पण दिवा नाही, आणि माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. जिथे कळत नाही तिथे आपण मागे राहायचं, एवढंच त्यांना माहीत आहे.

परवाही अकरा वाजता मॅडम पडद्यावर आल्या. त्यांनी निवटीचा फोटो धरला. बाबांनी तो ओळखला, डोळे हलले, ओठ जुळले, पण काही आलं नाही. मग ते उठले, पिन काढली आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले. डावा हात उचलून तळवा भिंतीकडे केला, मग खिडकीतून दिसणाऱ्या गोडाउनाच्या पत्र्याकडे, जिथे विहीर होती. भरा तुमी, आमचा मागनं.

मी आता पिन परत लावत नाही. त्यांच्याजवळ बसून राहतो. सगळ्यांचं भरून झालं की आपली पाळी येणार, म्हणून ते शांतपणे थांबलेले असतात, अगदी आई थांबायची तसे. आमची पाळी येऊन गेली, हे त्यांना सांगायची मला हिंमत होत नाही.